माळ्यावरची गाडी

अब्बांनी दुबईहून आणलेली तामियाची ‘ग्रासहॉपर’ पस्तीस वर्षांनी माळ्यावरून खाली काढली. रिमोटमधले सेल पाझरून पत्त्यांवर हिरवट गंज चढला होता. सेल काढून ठेवायचा आळस माझाच.

गाडी मात्र शाबूत. कंपनीने ती १९८४ मध्ये काढली, २००५ मध्ये पुन्हा बाजारात आणली. म्हणून तिचे सुटे भाग अजून मिळतात. रिमोट नवा घ्यावा लागला. जुने २७ मेगाहर्ट्झचे. दोघांचे क्रिस्टल एकाच नंबरचे निघाले की एकाने गाडी उचलून बाजूला बसायचे. २.४ गिगाहर्ट्झने ते भांडण मिटवले.

बॅटरीचे मात्र जपून. लिपो हलकी आणि जोरकस, पण चुकीच्या चार्जिंगने फुगते, पेटही घेऊ शकते. शिवाय सेल फार उतरला की ती खराब होते आणि आमच्या जुन्या स्पीड कंट्रोलरला वेळीच थांबणे ठाऊक नाही. म्हणून मी निकेल-मेटल हायड्राइडच घेतली.

अब्बांचा हात आता थरथरतो. तरी स्क्रू त्यांनीच आवळले, अर्धा तास लावून. पहिल्याच फेरीत डावीकडे वळवली तर गाडी उजवीकडे! नातू हसून लोळला. रिमोटवरचे दिशा उलटवायचे बटण शेवटी त्यालाच सापडले.