नऊ महिने आणि छत्तीस वर्षं

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की केगाव येतं. इथल्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात नवप्रविष्ट शिपाई नऊ महिने राहतात. कवायत, गोळीबार, दंगा काबू, कायद्याचे तास आणि शेवटी दीक्षांत संचलन. त्या दिवशी गावाकडून गाडी करून आईवडील येतात, पोराची टोपी आईच्या डोक्यावर ठेवून फोटो निघतो. बाविसाव्या वर्षी भरती झालेला हा शिपाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल. म्हणजे नऊ महिन्यांची शिदोरी छत्तीस वर्षं पुरवायची.

१९९२ साली सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय मिळालं. त्याच वर्षी भरती झालेला शिपाई डोळ्यांसमोर आणा. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला, २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराचा, २०१२ साली पोक्सो. निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये बलात्काराची व्याख्याच बदलली. आणि १ जुलै २०२४ च्या पहाटे तो ड्युटीवर आला तेव्हा भारतीय दंड संहिताच उरली नव्हती. तीनशे दोनचं एकशे तीन झालं, आपल्या बोलण्यात मुरलेलं चारशे वीस आता तीनशे अठरा.

आकडे पाठ होतील. कामाची पद्धत बदलली, ते अवघड आहे. समजा, सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीत घरफोडी झाली आणि संशयिताच्या घराची झडती घ्यायची आहे. पूर्वी दोन पंच, कोरे कागद आणि रायटरचं चांगलं अक्षर एवढ्यावर पंचनामा उभा राहायचा. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती, जप्तीची यादी आणि त्या यादीवर पंचांच्या सह्या हे सगळं चित्रित करायचं, आणि ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. कपाट उघडताना मोबाइल कुणी धरायचा? घरातली बाई तेलुगूत काही सांगते आहे, ते टिपायचं कसं? हे पुस्तकात वाचून येत नाही. हातात मोबाइल देऊन, खोट्या घराची खोटी झडती दहा वेळा करवून घेतली तरच येतं.

असं किती जणांकडून करवून घेतलं जातं? 'स्टेटस ऑफ पोलिसिंग इन इंडिया' या २०१९ च्या अहवालाने देशाचा हिशेब मांडला आहे : आधीच्या पाच वर्षांत सेवेत असताना प्रशिक्षण मिळालेल्यांचं प्रमाण सरासरी ६.४ टक्के. त्यातही वरच्या अधिकाऱ्यांना संधी जास्त, शिपायाला कमी. राज्याचं प्रशिक्षण धोरण २०११ सालापासून आहे. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात शिपायाने इतक्या वर्षांत इतके तास शिकलंच पाहिजे, असं कलम नाही.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तासांचं बंधन आहे. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांत २४ तास, टेक्सासमध्ये दोन वर्षांत ४०, मिनेसोटात तीन वर्षांत ४८. हे वाचून मी हरखलो होतो. पण २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा रोवून बसलेला पोलीस याच मिनेसोटातला, आणि तो नव्या पोलिसांना रस्त्यावरचं काम शिकवणारा होता. तेव्हा तास हवेतच, पण त्या तासांत काय शिकवलं आणि कुणी शिकवलं, हेही तितक्याच काटेकोरपणे पाहायला हवं.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. १९७१ साली केंद्र सरकारने पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते समाजशास्त्रज्ञ डॉ. मा. स. गोरे, टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक. कवायतीच्या मैदानाकडे पाहायला एक समाजशास्त्रज्ञ बोलावला, यातच त्या काळाची समज दिसते. १९७३ च्या अहवालात समितीने पोलिसाच्या वृत्तीवर, समाजाकडे पाहण्याच्या त्याच्या नजरेवर भर दिला.

ती नजर काय करू शकते, हे सोलापूर जिल्ह्याने पाहिलं आहे. २०२१ मध्ये तत्कालीन ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांवर हातभट्टीचे छापे वर्षानुवर्षं पडत होते. रसायन ओतलं जायचं आणि भट्टी पुन्हा पेटायची. या वेळी पोलिसांनी एकेक गाव दत्तक घेतलं, घरोघर बसून दुसऱ्या रोजगाराची बोलणी केली. छापा घालायला शिकलेल्या माणसाला ओसरीवर बसून ऐकायला शिकावं लागलं. मला हेच खरं सेवांतर्गत प्रशिक्षण वाटतं, आणि ते एका अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर संपू नये म्हणून केगावच्या अभ्यासक्रमात यायला हवं.

अडसर शिपायाच्या आळसाचा नाही. अडसर बंदोबस्ताचा आहे. मे २०२५ मध्ये राज्याने चांगला निर्णय घेतला : पदवीधर, सात वर्षं सेवा झालेल्या आणि नाशिकच्या गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण विद्यालयात सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्या शिपायालाही किरकोळ गुन्ह्यांचा तपास करता येईल. आता आमच्या जिल्ह्यातल्या शिपायाने हे सहा आठवडे कधी काढायचे? जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे गड्डा. मग पंढरपूरची माघी, चैत्री. आषाढीला तर सारं राज्यच चंद्रभागेवर लोटतं. पुढे गणपती, नवरात्र, कोजागरीला तुळजापूरकडे पायी निघालेली रात्रभरची रांग, लगेच कार्तिकी. मधल्या फटींत निवडणुका, सभा, मोर्चे. रजा मिळायची मारामार, तिथे प्रशिक्षणाला सोडा म्हणून अर्ज कोण करणार?

म्हणून तासांचं बंधन शिपायावर घालण्याआधी ते खात्यावर घाला. शिकण्याचा दिवस हा ड्युटीचा दिवस धरा. वर्षाचा बंदोबस्ताचा तक्ता तयार होतो, त्यात प्रत्येकाचे प्रशिक्षणाचे दिवस आधी भरा, वारी आणि गड्डा त्यानंतर लिहा.