बसलं म्हणजे जुळलं नाही!

काकांची जुनी येझदी घाटात दम टाकते, पार्ट मिळत नाही. मग दुसऱ्या सालच्या गाडीचा क्लच टाकायचा का? टाका, पण आधी मोजा.

सीन असा आहे. पाऊस लागलाय. काकांनी कित्येक वर्षं पडवीत ताडपत्रीखाली ठेवलेली येझदी तुम्ही दोन महिने खटपट करून चालू केलीय. जव्हारहून निघालात, मोखाडा मागे पडला, आता तोरंगण घाट चढला की त्र्यंबक. मागे मित्र बसलाय. आणि नेमकं चढावर बिनसतं. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र जागची हलायला तयार नाही. थोड्या वेळानं जळका वास येतो.

इंजिन ठणठणीत आहे. घसरतोय तो क्लच.

ढकलत, थांबत कसेबसे गॅरेजला पोचता. मेस्त्री कव्हर उघडतात, प्लेटा बघतात आणि मान हलवतात. ‘या सालचा माल आता कुठं मिळायचा? पण दुसऱ्या मॉडेलचा क्लच पडलाय माझ्याकडं. बसतोय की!’

तुम्ही खूश. पण जरा थांबा. ‘बसतोय’ आणि ‘जुळतोय’ यात फरक आहे. तो फरक कळला नाही, तर पुढच्या घाटात पुन्हा तोच सीन.

माल का मिळत नाही?

आपल्याकडच्या जावा आणि येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनायच्या. साठच्या दशकात जावा, सत्तरच्या दशकात येझदी, १९७८ साली रोडकिंग. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. १९९६मध्ये कारखाना बंद पडला. २०२२मध्ये येझदी हे नाव परत आलं, पण ती गाडी फोर-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड. तिचा क्लच काकांच्या गाडीच्या काही कामाचा नाही.

म्हणजे उरलं काय? कुणाच्या तरी गॅरेजचा कोपरा, मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि तुमची चिकाटी. वेगवेगळ्या सालांतले पार्ट एकमेकांत टाकणं ही इथं हौस नसते, नाइलाज असतो. त्यात चूक काही नाही. चूक होते ती नुसत्या नजरेनं ठरवण्यात.

आत चाललंय काय?

क्लच उघडला की एक डबा दिसतो. मेस्त्री त्याला हाऊसिंग किंवा बास्केट म्हणतात. तो इंजिनाबरोबर फिरतो. त्याच्या आत मधोमध हब असतो, तो गिअरबॉक्सला जोडलेला. दोघांच्या मध्ये प्लेटांची चळत. एक घर्षणाची प्लेट, एक लोखंडी, पुन्हा घर्षणाची, पुन्हा लोखंडी. घर्षणाच्या प्लेटांचे कान डब्याच्या खाचांत अडकतात, लोखंडी प्लेटांचे दाते हबमध्ये. वरून स्प्रिंगा ही चळत दाबून धरतात. लिव्हर दाबली की दाब सुटतो, लिव्हर सोडली की पकड बसते. एवढंच.

ही पकड चार गोष्टींवर ठरते: घर्षण किती, स्प्रिंगांचा दाब किती, प्लेटांची सरासरी त्रिज्या किती आणि घासणाऱ्या बाजू किती. चारांचा गुणाकार. एक जरी कमी झाली तरी सगळी पकड तेवढ्या प्रमाणात उतरते.

आता हिशोब करा. चार घर्षण प्लेटा म्हणजे घासणाऱ्या आठ बाजू. दुसऱ्या मॉडेलच्या प्लेटा जाड निघाल्या आणि डब्यात तीनच मावल्या, तर बाजू उरल्या सहा. बाकी सगळं तेच राहिलं तरी पकड पंचवीस टक्क्यांनी गेली.

उलटही होतं. समजा चारही प्लेटा बसल्या, पण प्रत्येक मूळ प्लेटेपेक्षा ०.३ मिलिमीटरनं पातळ. डोळ्याला कळणारही नाही. पण चळत एकूण १.२ मिलिमीटरनं कमी झाली. स्प्रिंग बसवल्यावर १० मिलिमीटर दबत असेल, तर आता ८.८ मिलिमीटरच दबेल. अकरावीचा हुकचा नियम आठवा: दाब बारा टक्क्यांनी कमी. जव्हारच्या बाजारात फिरताना हे जाणवणार नाही. डबलसीट घाट चढताना मात्र नक्की जाणवेल.

मग कडक स्प्रिंगा टाकू? पकड वाढेल, पण लिव्हर इतकी जड होईल की ट्रॅफिकमध्ये मनगट बोलायला लागेल. पुश रॉड आणि केबलवरचा ताणही वाढेल. आणि चळत जास्त जाड झाली, तर स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना टेकतात, क्लच पुरता सुटतच नाही. चढावर थांबलात, मागे एसटी उभी आहे, तुम्ही लिव्हर दाबून पहिला गिअर टाकलात आणि गाडीनं उडी मारली तर? घसरणाऱ्या क्लचपेक्षा न सुटणारा क्लच जास्त धोक्याचा.

येझदीची आणखी एक गंमत

जावा-येझदीत किक आणि गिअर एकाच पायात. शिवाय गिअरचा पाय दाबला की आतल्या आत क्लचही सुटतो, हातानं लिव्हर न दाबता. सोय झकास आहे, पण त्यामुळे अॅडजस्टमेंट नाजूक होते. वेगळ्या लांबीचा पुश रॉड पडला किंवा केबलला मोकळीक राहिली नाही, तर क्लच कायम अर्धवट दबलेला राहतो. मग नव्याकोऱ्या प्लेटाही घसरतात आणि आपण उगाच प्लेटांना शिव्या घालतो.

बदलण्याआधी एवढं करा

प्रॅक्टिकलला हातात घेतलेला व्हर्नियर कॅलिपर आठवतोय? तोच लागणार आहे. एका वहीत दोन रकाने करा, जुना पार्ट आणि नवा पार्ट.

• प्लेटा किती, प्रत्येकीची जाडी किती, सगळ्या चळतीची मिळून उंची किती.
• कानांची संख्या आणि रुंदी. कान डब्यात सैल नको, घट्टही नको.
• हबच्या दात्यांची संख्या.
• मोकळ्या स्प्रिंगेची लांबी. सगळ्या स्प्रिंगा सारख्या हव्यात.
• अख्खा क्लच बदलणार असाल, तर चेनच्या स्प्रॉकेटचे दाते आणि चेनची रुंदी.
• पुश रॉडची लांबी.

लोखंडी प्लेट काचेवर ठेवून बघा. डुगडुगली तर ती वाकडी आहे. निळी पडली असेल तर ती तापलेली आहे. डब्याच्या खाचांना प्लेटांनी मारलेले खड्डे बोटानं चाचपा. तिथं प्लेट अडकते आणि क्लच झटके देतो. कॉर्कच्या प्लेटा मिळाल्या तर बसवण्याआधी तेलात भिजवा. आणि कारचं ऑइल ओतू नका. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी चांगला क्लचही घसरू शकतो.

दोन्ही रकाने जुळले तर बिनधास्त टाका. नाही जुळले तर मेस्त्रींना वही दाखवा. अनुभवी माणूस आकडे बघून चिडत नाही, उलट मार्ग काढतो.

जुना पार्ट फेकू नका

शेवटचं, पण महत्त्वाचं. १५ जुलै २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. मात्र अशी नोंदणी झाली की ती गाडी रोज कॉलेजला नेता येत नाही, रॅली किंवा प्रदर्शनाला चालते. म्हणजे सत्तरीच्या सुरुवातीची येझदी असेल, तर ती वापरायची की जपायची, हे घरी बसून काकांशी बोलूनच ठरवा.

पण काहीही ठरवलंत तरी काढलेला प्रत्येक पार्ट पुसून, तेल लावून, साल लिहून डब्यात ठेवा. झिजलेली का होईना, मूळ प्लेट हेच तुमचं माप आहे. ती भंगारात गेली, तर पुढच्या वेळी मोजायचं कशाशी?

आणि मग पुन्हा तोरंगण घाट. चढ लागला, ॲक्सिलरेटर दिला, इंजिनाचा आवाज वाढला आणि त्याच्याबरोबर गाडीही पुढे सरकली, की समजा क्लच जुळला. घरी आल्यावर काकांना मागे बसवून एक फेरी मारा. वही मात्र डिकीतच राहू द्या.