पोरगं काय करतं?

गावात पाहुणा आला, चहापाणी झालं, की पहिला प्रश्न ठरलेला. "थोरला काय करतो सध्या?" वडील टोपी सारखी करत सांगतात, "काय नाही, घरीच असतो. परीक्षा देतोय." त्याच वेळी तो थोरला गोठ्यात वैरण टाकत असतो. सकाळची धार त्यानेच काढलेली असते. पण "काय करतो" या प्रश्नात हे काम मोजलं जात नाही. घरचे मोजत नाहीत, पाहुणे मोजत नाहीत आणि हळूहळू तो स्वतःही मोजायचं सोडतो.

माण, खटाव, आटपाडी, सांगोला हा आपला कमी पावसाचा पट्टा. शेतीशाळा, माती नमुने, पीक कापणी प्रयोग यानिमित्त आम्हाला बांधावर जावं लागतं. तिथे बोलायला येतात म्हातारी माणसं, पण नमुन्याचा खड्डा घेणारा, पिशवी भरून मोबाईलवर माहिती टाकणारा असतो बावीस ते अठ्ठावीस वयाचा पदवीधर पोरगा. पिकावर आणि जनावरावर या पानात नेहमी लिहिलं जातं. आज या पोरावर लिहायचं आहे. शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या शिवारात सगळ्यात जास्त वाया जाणारी गोष्ट पाणी नाही, या पोरांची वर्षं आहेत.

दिवसाचा हिशोब

पहाटे साडेचारला उठून तो रस्त्याने पळतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक अशी ५० गुणांची मैदानी चाचणी असते, म्हणून हे पळणं. परत आला की शेण काढणे, धारा, दूध डेअरीला घालणे. नऊनंतर पुस्तक घेऊन बसतो तोवर हाक येते, "कुट्टी संपलीय रे." दुपारी शेजारचे आबा मोबाईल घेऊन दारात हजर. त्यांची ई-पीक पाहणी राहिलेली असते. २०२१ पासून ही नोंद मोबाईलवर आली, आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या सातबाऱ्यावरचं पीक अशा पोरांनीच चढवलं आहे. शेतकरी योजनांचे ऑनलाइन अर्ज, पीएम किसानचं ई-केवायसी, पीकविम्याचा अर्ज, सगळं त्याच्याच गळ्यात. रात्रपाळीची लाइट असली तर बॅटरी घेऊन पाणी धरायलाही तोच जातो.

एवढं करून खिशात पन्नास रुपये हवे असतील तर आईकडे मागायचे. आपल्याकडे डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलाला दुधाचा 'पगार' म्हणतात. म्हणजे घरात पगार येतोच. काम पोराचं असतं, खातं बापाचं असतं.

भरतीचं गणित

नोकरी मागण्यात काही चूक नाही. ज्या भागात पाऊस एक वर्ष देतो आणि दोन वर्षं नेतो, तिथे महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा कोणाला नको? त्यात आता सोयरीक जुळवताना मुलीकडचे पहिल्यांदा नोकरीच विचारतात. पण शेतकऱ्याने बियाणं घेताना उगवण क्षमता बघायची असते, तशी भरतीचीही बघावी.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदं होती आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. एका पदामागे दोनशेहून जास्त पोरं झाली. खुल्या गटाला परीक्षा शुल्क १,००० रुपये आणि मागास गटाला ९०० रुपये होतं. २०२४ साली ज्या पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या झाल्या, तिथे १७,४७१ पदांना सतरा लाखांवर अर्ज होते. म्हणजे एका जागेला साधारण शंभर. हे आकडे पोरांना घाबरवायला नाहीत. शंभरातला एक निवडला जातोच, आणि आपल्या तालुक्यांतली पोरं निवडली गेली आहेत. पण उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय, याचा विचार कुठल्याच घरात होत नाही. जो तो आपला पोरगा तो एकच आहे असं धरून चालतो.

त्यातून पुण्याची वाट धरली तर खोली, मेस आणि अभ्यासिका मिळून महिन्याला आठ-दहा हजारांच्या खाली भागत नाही. हा पैसा डाळिंबाच्या पट्टीतून नाहीतर शेळ्या विकून जातो. जाहिरात लांबते, परीक्षा पुढे जाते, निकाल अडकतो. पोरगा म्हणतो, "फक्त हे एक वर्ष." अशी चार वर्षं होतात. पोलीस शिपाई पदाला खुल्या गटासाठी वयाची मर्यादा २८ आणि मागास गटासाठी ३३ आहे. ती ओलांडल्यावर पोरगा गावी येतो तेव्हा हातात पदवी असते, पण ना शेतीचं व्यवहारज्ञान असतं, ना दुसरा हुन्नर.

पोरींचा हिशोब याहून कडक. त्यांना पळायला मैदान नाही, अंधारात रस्त्यावर जायची सोय नाही, आणि घरून मुदत मिळते एका भरतीची. "यंदा झालं तर झालं, नाहीतर स्थळ बघायचं." पोरीला एक भरती आणि पोराला सहा, हा न्याय कुठला, याचं उत्तर ज्याच्या त्याच्या घरात शोधावं.

पिक्चर बघतो म्हणजे बिघडला?

पालकांची ठरलेली तक्रार असते, "नुसता पिक्चर बघतो." आपल्याच पिढीने काय केलं ते आठवा. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला खिलार जनावरं बघायला जायचं आणि रात्री तंबूतला सिनेमा बघून परतायचं. १९९१ साली 'माहेरची साडी' आला तेव्हा बायाबापड्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला गेल्या. आज तालुक्याच्या जुन्या टॉकीजचं कुठे मंगल कार्यालय झालं, कुठे गोडाऊन. थिएटर गाठायचं तर जिल्ह्याला जावं लागतं आणि तिकीट, पेट्रोल, वडापाव धरून पाचशेची नोट मोडते. म्हणून पोरगा अंथरुणात मोबाईलवर बघतो, आणि एकटा बघतो.

एकट्याने बघण्यात खरी अडचण आहे, कारण मग त्यावर बोलणं होत नाही. २०१६ चा नागराज मंजुळेंचा 'सैराट' करमाळा भागात चित्रित झाला. आपल्यासारखी केळीची बाग, आपल्यासारखी विहीर, आपल्यासारखी बोली पडद्यावर दिसली म्हणून पोरं वेडी झाली. पण त्याचा शेवट जातीपायी झालेल्या खुनाचा आहे, त्यावर किती घरांत बाप-लेक बोलले? भाऊराव कऱ्हाडेंनी 'ख्वाडा' काढला तो स्वतःची शेतजमीन विकून. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जमीन विका असं कोणी यातून घेऊ नये, पण धनगराच्या वाड्यावरचं जगणं सांगण्यासारखं आहे, हे त्यातून आपल्या पोरांना कळलं.

आणि २०२३ चा '१२वी फेल'. परीक्षा देणाऱ्या प्रत्येक पोराने तो दोन-तीनदा बघितला आहे. चंबळ भागातला गरीब पोरगा, बारावीत नापास झालेला, शेवटी पोलीस अधिकारी होतो. गोष्ट खरी आहे. मनोजकुमार शर्मा महाराष्ट्र केडरचे आयपीएस अधिकारी आहेत. पोरं डोळे पुसत उठतात आणि शेवट तेवढा लक्षात ठेवतात. पण मधली पिठाची गिरणी विसरतात. तो पोरगा अभ्यास करत गिरणीत राबतो, वाचनालयात झाडलोट करतो, स्वतःच्या पोटाचं स्वतः बघतो. त्या पिक्चरमधून घ्यायचं ते हे. हाताला काम ठेवून अभ्यास करता येतो.

फिरण्याची हौस

एका शेतीशाळेत पोरांना सहज विचारलं, समुद्र कोणी कोणी पाहिलाय? वीसजणांत हात वर आले सहा. मालवण आपल्यापासून एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर आहे. बाकीच्यांनी समुद्र रीलमध्ये पाहिलेला. पोरांच्या मनात गोवा आहे, मनाली आहे, जर्मनी आणि दुबईही आहे. मोठी माणसं याला हूड म्हणतात. पण हाच आपला मुलूख गलाईवाल्यांचा आहे. खानापूर, आटपाडी, खटाव, माण भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी तामिळनाडू, केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत गेली, भाषा शिकली, घरं बांधली. दुष्काळाने घराबाहेर काढलेल्या त्या माणसांनी गावं सावरली. बाहेर पडणं आपल्या रक्तात आहे.

फिरायला फार पैसे लागतात असंही नाही. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही पासची योजना १९८८ पासून आहे, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास मिळतो. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. कृषी विभागाच्या 'आत्मा' यंत्रणेमार्फत शेतकऱ्यांचे अभ्यास दौरे निघतात. त्या यादीत दरवेळी तीच चार जाणती नावं न घालता दोन तरुण घालावेत. हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद, जालना जिल्ह्यातल्या कडवंचीची द्राक्षं, दापोलीच्या विद्यापीठातल्या रोपवाटिका बघून आलेला पोरगा घरी वेगळं बोलू लागतो.

परदेशाचं मात्र जपून. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिथे प्लंबर, इलेक्ट्रिशियन, नर्स यांचं कौशल्य आणि जर्मन भाषा विचारतात, नुसती बी.ए. नाही. आखाती देशांत पाठवतो म्हणणारा एजंट आला तर त्याची केंद्र सरकारकडे नोंदणी आहे का ते 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर बघा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. दोन-तीन लाख रोख मागणारा आणि पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीला पाठवणारा माणूस दारात उभा करू नका. पासपोर्टसाठी एजंटाची गरजच नाही. २०१७ पासून कित्येक टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रं झाली आहेत.

घरानं काय करावं

पहिलं, मुदत ठरवा. तीन भरत्या किंवा वयाची सव्वीस, काय ते बाप-लेकांनी, माय-लेकींनी समोर बसून ठरवावं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावं. भांडणात काढलेली मुदत कोणी पाळत नाही, शांतपणे ठरवलेली पाळतात.

दुसरं, पोराच्या नावाने खातं करा. तीन गायी असतील तर एकीचं दूध त्याच्या नावाने डेअरीला घाला. त्यातूनच त्याने परीक्षा फी भरावी, गायीची पेंड आणावी, पिक्चर बघावा आणि वर्षातून आठ दिवस फिरून यावं. हिशोब त्याने वहीत लिहावा. वर्षभरात तोटा झाला तरी त्याला गाय कळते. आणि पाहुण्याला सांगताना "घरीच असतो" असं म्हणू नका. "गोठा बघतो आणि परीक्षाही देतो" असं सांगा. बोलण्यातला एवढा फरक पोराच्या पाठीचा कणा ताठ करतो.

तिसरं, भरतीच्या जोडीला एक हुन्नर हवाच. कृषी पदवी किंवा पदविका असेल तर केंद्र सरकारची कृषी चिकित्सालय योजना २००२ पासून आहे. ४५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं आणि नंतर बँक कर्जाला जोडून अनुदान. डाळिंबाचा रस, शेवया, मसाला अशा प्रक्रिया उद्योगाला सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे. शिक्षण कोणतंही असलं तरी २०१९ च्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. आयटीआय झालेल्याने शिकाऊ उमेदवारी सोडू नये. मोटार वाइंडिंग, ठिबकची दुरुस्ती, डाळिंबाची छाटणी येणारा माणूस आज गावात शोधूनही मिळत नाही. फक्त अनुदानासाठी धंदा काढू नका. आधी बाजार बघा, मग अर्ज करा.

गावानं काय करावं

तलाठी भाऊसाहेबांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी. नावं बदलली तरी पोरांची कामं तीच आहेत. नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्न, रहिवासी हे दाखले जाहिरात आल्यावर काढायला सेतूत झुंबड उडते आणि शेवटच्या तारखेला अर्ज राहतो. शाळा सुटायच्या सुमाराला गावात एक दिवस दाखल्यांचा कॅम्प लावला तर निम्मी धावपळ वाचेल. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्यांना मुदत ठरवून दिली आहे, ती कार्यालयाच्या दारावर लावलेली असावी.

ग्रामपंचायतीने शाळेच्या मैदानात किंवा गायरानात फक्की मारून ४०० मीटरची गोल धावपट्टी आखावी. चार फेऱ्या मारल्या की १६०० मीटर होतात. दोन दिवे लावले तर पोरं अंधारात डांबरी रस्त्यावर जीव धोक्यात घालणार नाहीत आणि पोरींनाही पळता येईल. समाजमंदिराची बंद खोली उघडून टेबल, पंखा आणि दोन वर्तमानपत्रं ठेवली तरी अभ्यासिका होते. पुण्याच्या भाड्यातले चार महिने तरी वाचतात. त्याच खोलीत महिन्यातून एकदा भिंतीवर चादर लावून चांगला पिक्चर दाखवा, म्हातारी-कोतारी, पोरं-पोरी सगळी बसू द्या आणि मग अर्धा तास बोला.

येत्या ग्रामसभेत एक विषय वाढवा. गावात २० ते ३० वयाचे किती तरुण-तरुणी आहेत, कोण कोणती परीक्षा देतं, कोणाला कोणतं काम येतं, याची वहीत यादी करा. जनावरांची गणना होते, विहिरींची होते, झाडांचीसुद्धा होते. ही यादी करायला शासनाचा आदेश लागत नाही, एक वही आणि दोन संध्याकाळी लागतात. यादी झाली की मंडळाच्या कृषी कार्यालयात घेऊन या. कोणाला कोणत्या प्रशिक्षणाला पाठवायचं ते बसून ठरवू.