बोटीतील जुनी टाकी का बदलतात?

अमेरिकेत समुद्रकिनारी आणि सरोवरांवर हौसेने फिरवल्या जाणाऱ्या कित्येक मोटरबोटी १९७०-८० च्या सुमारास बांधलेल्या आहेत. यांतील अनेकींची पेट्रोलची टाकी ॲल्युमिनियमची असून ती तळाशी, फळ्यांखाली बसवलेली असते. ती हलू नये म्हणून भोवती प्लॅस्टिकचा फेस भरतात. इंजिन झकास चालत असले, तरी जाणता कारागीर म्हणतो, "आधी टाकी पाहू." असे का बरे?

तुम्ही म्हणाल, ॲल्युमिनियम तर गंजत नाही! हे अर्धेच खरे. हवा लागताच या धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. थराला ओरखडा पडला, तर ऑक्सिजन तो पुन्हा सांधतो. पण टाकी आणि फेस यांच्या फटीत खारे पाणी शिरले, की ते तेथेच साचून राहते. त्यातील ऑक्सिजन संपतो, थर सांधला जात नाही आणि मिठातील क्लोराइड धातूला बारीक खड्डे पाडू लागते. एखाद्या खड्ड्याचे पुढे आरपार भोक होते.

आतूनही धोका असतोच. तेथील पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले, की पाणी व इथेनॉल यांचे मिश्रण वेगळे होऊन तळाशी बसते.

आता गळतीचा विचार करा. पेट्रोलमधील ऑक्टेनचे सूत्र C₈H₁₈; म्हणजे त्याचा रेणुभार ११४. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९. म्हणजे ऑक्टेनची वाफ हवेच्या जवळजवळ चौपट जड! मोटारीखाली गळलेल्या पेट्रोलची वाफ वाऱ्याने उडून जाते. बोटीचा तळ मात्र वाटीसारखा असल्याने ती तेथेच साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असले, तर एक ठिणगी पुरते. म्हणून अशा बोटींत इंजिन सुरू करण्यापूर्वी पंख्याने तळातील हवा बाहेर काढतात.

जुनी टाकी तपासताना तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.२ किलोग्रॅम दाबाने हवा भरतात. दाब उतरला, तर गळती आहे. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले, की बुडबुडे जागा दाखवतात. टाकी बदलायची ठरली, तर पेट्रोल उपसून ती बाहेर काढतात. पण "रिकामी झाली" म्हणून बेफिकीर राहू नये. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते; रिकाम्या टाकीत हवा आणि वाफ दोन्ही असतात!

नवी टाकी ॲल्युमिनियमची असेल, तर ती भोवती हवा खेळेल आणि पाणी साचणार नाही अशी बसवतात. पॉलिएथिलीनची टाकी गंजत नाही. मात्र पेट्रोलमुळे ती सुमारे २ टक्के फुगते, म्हणून तिच्यासाठी थोडी जागा मोकळी ठेवावी लागते.

जड वायू कसा वाहतो, हे तुम्हाला शिक्षकांसमोर पाहता येईल. पेट्रोलला मात्र हात लावू नका! उंच पेल्यात खाण्याचा सोडा घेऊन त्यावर लिंबाचा रस घाला. फेस खाली बसला, की पेला जळत्या मेणबत्तीजवळ हळूच कलता करा; रस सांडू देऊ नका. काहीच ओतलेले दिसत नाही, तरी ज्योत विझते. या कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४ आहे. मग ११४ रेणुभाराची वाफ बोटीच्या तळाशी किती सहज उतरत असेल, याचा विचार करा.