लिहू की नको?

गेल्या वर्षी अमेरिकेतून भाचीचा फोन आला. तिला तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज करायचा होता. "मामू, 2024 साली आमच्या कॉलेजात गाझासाठी धरणं झालं, त्यात मी होते. अर्जात लिहू की नको?" मागून माझी बहीण म्हणाली, "आपलं नाव वाचूनच लोक थबकतात. आणखी भर कशाला?" मी कविता लिहिणारा बी.ए. झालेला माणूस. म्हटले, आधी अर्ज वाचून दाखव.

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवत नाही. नीटचे गुण पाहतात, विचार नव्हे. सेवाग्रामला पूर्वी स्वतंत्र प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात गांधीविचारांचा पेपर असे. नीट आली आणि तोही गेला. अमेरिकेत बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांसाठी एक सामायिक अर्ज भरतात. त्यात जास्तीत जास्त 15 कामे नोंदवता येतात, प्रत्येकाला 700 अक्षरे. त्यांतली तीन 'सर्वांत महत्त्वाची' म्हणून निवडायची. धरण्याचा उल्लेख केलाच पाहिजे, असे कुठेच नाही. मात्र कॉलेजने कधी शिस्तभंगाची कारवाई केली का, हा प्रश्न वेगळा आहे. तिथे गप्प राहायची मुभा नाही. लपवले आणि पुढे उघड झाले, तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. भाचीवर कारवाई झाली नव्हती. म्हणजे लिहिणे न लिहिणे तिच्या हातात होते.

बहिणीला मी माहेरचेच दाखले दिले. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय 1969 साली उभारणाऱ्या डॉ. सुशीला नायर 1942 च्या आंदोलनात पकडल्या गेल्या होत्या. आगाखान पॅलेसमध्ये त्या बंदिवासात होत्या आणि तिथेच कस्तुरबांची शुश्रूषा करत होत्या. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकल्या. डॉ. अभय बंग यांनी वर्ध्यात काम करताना रोजगार हमीच्या मजुरीचा हिशेब तपासला. चार रुपये रोज ठरवताना मजुराच्या पोटाचे गणित चुकले आहे, बारा रुपये हवेत, असे त्यांनी आकड्यांनी दाखवले. तेही नंतर जॉन्स हॉपकिन्सलाच गेले.

बहीण म्हणाली, "ती मोठी माणसं. आज त्यांचा गौरव होतो, तेव्हा काय झालं ते सांग." तिचे खरे होते. 1942 साली तो गुन्हाच होता आणि अर्ज वाचणारा आजच वाचतो.

मी भाचीला विचारले, "तिथं तू नेमकं काय करत होतीस?" ती पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी सांभाळत होती. उन्हाने चक्कर आलेल्यांना सावलीत नेत होती, रात्री कोण आजारी आहे याची वही ठेवत होती. तिच्या मसुद्यात यातले काहीच नव्हते, नुसती विशेषणे होती. ती काढायला लावली. मैत्रिणींची नावेही काढली. त्यांच्या वतीने ठरवायचा हक्क हिला नाही. शेवटी विचारले, "मुलाखत घेणारा उलट मताचा निघाला, तर अर्धा तास आवाज न चढवता बोलशील? उद्या रोगीही तसा निघेल." ती जरा वेळ गप्प राहिली, मग "हो" म्हणाली.

तिने ते काम लिहिले, पण तीन महत्त्वाच्यांत नाही; साध्या यादीत. बहीण माझ्याशी बोलते, अर्जाचा विषय मात्र काढत नाही.