समग्र विचार आणि सर्जनशील नेतृत्व : अरविंद नेत्र रुग्णालयाचा अनुभव

मोतीबिंदूमुळे आलेले अंधत्व बहुतांशी दूर करता येते. डोळ्यातील गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढले की दृष्टी परत मिळते. शस्त्रक्रिया अल्पावधीत आटोपते आणि तिचे तंत्रही ज्ञात आहे. तरीही भारतात लक्षावधी लोक याच कारणाने दृष्टिहीन राहिले. 1976 साली केंद्र शासनाने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी तामिळनाडूतील मदुराई येथे शासकीय सेवेतून निवृत्त झालेले नेत्रशल्यचिकित्सक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अवघ्या 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय स्थापन केले. तरुणपणीच संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. मात्र त्यावर मात करून त्यांनी शस्त्रक्रियेचे कौशल्य संपादन केले होते. या रुग्णालयाची वाटचाल हे व्यवसाय नेतृत्वातील समग्र व सर्जनशील विचारांचे अभ्यसनीय उदाहरण होय.

संकल्पना

संस्थेचे विभाग सुटेसुटे न पाहता त्यांचे परस्परसंबंध लक्षात घेऊन निर्णय करणे, यास समग्र विचार म्हणतात. पीटर सेंगे यांच्या 1990 मधील ‘द फिफ्थ डिसिप्लिन’ या ग्रंथामुळे व्यवस्थापनशास्त्रात ही दृष्टी विशेष रूढ झाली. सर्जनशील विचार म्हणजे रूढ चौकटीबाहेरचा उपाय शोधणे. पहिल्या विचाराने अडथळा नेमका कोठे आहे ते कळते, तर दुसऱ्याने तो दूर होतो. एक अडथळा दूर होताच दुसरा पुढे येत असल्याने ही प्रक्रिया अखंड चालू ठेवावी लागते.

पहिला अडथळा : शल्यचिकित्सकाचा वेळ

रुग्णांच्या तुलनेत नेत्रशल्यचिकित्सक थोडे होते. त्यांची संख्या एकाएकी वाढवणे शक्य नव्हते; पण त्यांचा वेळ वाचवणे शक्य होते. जगभर एकाच पद्धतीने खाद्यपदार्थ पुरविणाऱ्या मॅकडोनाल्ड या साखळीच्या प्रमाणित कार्यपद्धतीने डॉ. वेंकटस्वामी प्रभावित झाले होते. अरविंदमध्ये शस्त्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्याची आखणी करण्यात आली. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढील रुग्णाची तयारी केली जाते. दृष्टितपासणी, रुग्णाची पूर्वतयारी, समुपदेशन ही कामे ग्रामीण भागातील तरुणींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे सोपविण्यात आली. परिणामी शल्यचिकित्सकाला आपल्या कौशल्याच्या कामावर लक्ष केंद्रित करता येते. या मुलींना सन्मानाचा रोजगार मिळाला, हा या रचनेचा आणखी एक लाभ होय.

दुसरा अडथळा : पैसा

ज्यांना शुल्क देणे शक्य आहे त्यांच्याकडून ते घ्यावे आणि त्यातील शिलकीतून इतरांवर विनामूल्य वा अत्यल्प दरात उपचार करावेत, अशी व्यवस्था स्वीकारण्यात आली. शुल्क भरायचे की नाही हे रुग्णाने स्वतः ठरवायचे असते. खोली व सोयींमध्ये फरक असला तरी दोन्ही प्रकारच्या रुग्णांवर तेच डॉक्टर पाळीपाळीने शस्त्रक्रिया करतात. रुग्णसंख्या वाढली की दर शस्त्रक्रियेमागील खर्च घटतो आणि डॉक्टरांचा हात अधिक बसतो. गुणवत्तेची ख्याती झाल्याने शुल्क देणारे रुग्णही येतात. अशा रीतीने सेवा आणि आर्थिक स्वावलंबन परस्परांना पूरक ठरतात.

तिसरा अडथळा : न येणारा रुग्ण

उपचार विनामूल्य असूनही अनेक गरजू रुग्ण येत नव्हते. प्रवासखर्च, बुडणारी मजुरी, सोबत येणाऱ्या माणसाचा अभाव व शस्त्रक्रियेची भीती ही त्याची कारणे होती. यास्तव स्थानिक संस्थांच्या साहाय्याने गावोगाव नेत्रशिबिरे भरविण्यात आली आणि निवडलेल्या रुग्णांना बसने रुग्णालयात आणून भोजन व परतीच्या प्रवासाची सोय करण्यात आली. रुग्णाच्या दृष्टीने ‘विनामूल्य’ या शब्दाचा खरा अर्थ काय, याचा हा विचार होता. शिबिरांनंतरही मागे राहणाऱ्यांसाठी पुढे ग्रामीण दृष्टिकेंद्रे उभारण्यात आली. तेथे प्रशिक्षित तंत्रज्ञ तपासणी करतात आणि दूरसंवादाद्वारे रुग्णालयातील डॉक्टरांचा सल्ला घेतला जातो.

चौथा अडथळा : भिंगाची किंमत

पूर्वी शस्त्रक्रियेनंतर जाड भिंगांचा चश्मा दिला जाई. तो फुटला वा हरवला की रुग्ण पुन्हा परावलंबी होत असे. डोळ्यात बसविण्याचे कृत्रिम भिंग हा उत्तम पर्याय होता. पण आयात भिंग गरिबांच्या आवाक्याबाहेर होते. स्वस्त भिंगाची वाट पाहत न बसता 1992 मध्ये ‘ऑरोलॅब’ हा उत्पादन विभाग सुरू करण्यात आला. त्यामुळे भिंग आयात किमतीच्या अल्पांशात उपलब्ध झाले आणि पुढे शंभराहून अधिक देशांत निर्यातही झाले. रुग्णालयाने कारखाना काढणे हे रूढ व्यवसायनीतीत बसणारे नव्हते. मात्र संपूर्ण साखळीचा विचार करता तो पुढचा अपरिहार्य टप्पा होता.

मर्यादा आणि बोध

हे प्रारूप सर्वत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया प्रमाणित करता येण्याजोगी, अल्पकालीन व बहुधा निश्चित फल देणारी आहे. दीर्घकाळ देखरेख लागणाऱ्या आजारांत किंवा प्रत्येक रुग्णागणिक बदलणाऱ्या उपचारांत अशी आखणी अवघड ठरते. ज्या प्रदेशात शुल्क देऊ शकणारा वर्ग फारच थोडा आहे, तेथे शासकीय अर्थसाहाय्याला पर्याय नाही.

विचारपद्धती मात्र अन्यत्र उपयोगी पडते. शाळा, पाणीपुरवठा किंवा रोजगार योजना अपेक्षित फल देत नसेल, तर केवळ निधी वाढविण्याआधी ती नेमकी कोणत्या टप्प्यावर अडते हे लाभार्थ्याच्या जागी उभे राहून तपासावे लागते. डॉ. वेंकटस्वामी यांचे 2006 मध्ये निधन झाले. त्यानंतरही संस्थेचे कार्य विस्तारत राहिले. व्यक्तीची दृष्टी कार्यपद्धतीत रुजविणे, हे समग्र नेतृत्वाचे महत्त्वाचे गमक मानता येईल.