वापसा आल्यावर तिफण

जानेवारीत दुधनीच्या मार्केट यार्डात तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि त्याच दिवसांत स्टेशनरीच्या दुकानात नव्या डायऱ्यांच्या. आडतीवर हिशेब लिहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा पोरगा पहिल्या पानावर लिहितो : पहाटे पाचला उठणे, रोज आठ तास अभ्यास, व्यायाम, इंग्रजी. शिवरात्रीच्या आत डायरी गादीखाली जाते. घरचे म्हणतात, जिद्द नाही. मला तरी जिद्दीपेक्षा ऐकीव समजुतींचा दोष मोठा वाटतो.

त्यातली एक प्रेरणादायी भाषणांतून आलेली. 1953 साली येल विद्यापीठातल्या ज्या 3 टक्के विद्यार्थ्यांनी ध्येय कागदावर लिहिलं, त्यांनी पुढच्या वीस वर्षांत उरलेल्या 97 टक्क्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त कमावलं म्हणे. असा अभ्यास झालाच नव्हता. 1996 मध्ये ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने मूळ शोधायला घेतलं, तर हा दाखला देणारे वक्ते एकमेकांकडे बोट दाखवू लागले! ध्येय लिहावं, विसरायला होत नाही. पण नुसतं लिहिल्याने काम पुढे सरकत नाही.

मग कशाने सरकतं? ब्रिटनमध्ये 2002 साली विद्यार्थ्यांच्या व्यायामाबद्दल एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. त्यातल्या 38 टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायामाचं महत्त्व पटवून दिलं. तिथे 35 टक्के. तिसऱ्या गटाने तेच वाचलं आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे हेही लिहून दिलं. तिथे 91 टक्के.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. ‘7 जूनला पेरणार’ असं कोणी शपथेवर सांगत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला, जमिनीला वापसा आला, की तिफण. अमुक झालं की तमुक करायचं. मधे मनाला विचारत बसायचं नाही. ‘रोज अभ्यास करीन’ या वाक्याला वापसाच नाही. ‘आडतीवरून घरी आलो, हातपाय धुतले, की चहाआधी गणिताची दहा उदाहरणं’ याला आहे.

दुसरा गैरसमज 21 दिवसांचा. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, एवढं त्याचं निरीक्षण होतं. ‘किमान’ वाटेत गळालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर पाहिलं, तर सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं निघालं. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज आला. एखादा दिवस चुकल्याने घडी मोडली नाही, हेही दिसलं. मूग साठ-पासष्ट दिवसांत निघतो, तूर पाच-सहा महिने उभी राहते. एकाच पावसावर पेरली म्हणून तूर भादव्यात कोण मागतो?

वेळापत्रक गच्च भरलं की काम जास्त होतं, हा तिसरा आणि सगळ्यात महागात पडणारा समज. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं 34. सगळंच बिनसलं तर? 49. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. आपण पुढचा दिवस आखतो तेव्हा त्यात पाहुणे नसतात, वीज जात नाही, सोलापूरची गाडी उशिरा येत नाही. म्हणून गच्च भरलेलं वेळापत्रक कोलमडतं.

जुना आडत्या भाव आणि आवक यांचा अंदाज मनाने बांधत नाही, मागच्या हंगामाची वही काढतो. पोराने तेच करावं. इतिहासाचं मागचं पुस्तक संपवायला खरोखर किती दिवस लागले, ते गादीखालच्या डायरीत शोधावं आणि पुढच्या पुस्तकापुढे तोच आकडा मांडावा.